किल्लीच्या भोकातली कुंभारीण

गुरुजी,

एक तक्रार आहे. तुमच्याकडे करतो, कारण या घरात माझी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही, आणि तुम्हांला आता मध्येच थांबवून "आधी वाक्यातला कर्ता सांग" असं म्हणता येणार नाही. आमच्या दादरच्या बिऱ्हाडात पुढच्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. त्यात तुम्ही दिलेला कोश आहे. तोच, जाडा, पाठीवरचं कातडं सुटलेला, ज्याची पानं उलटताना अजून तुमच्या तपकिरीचा वास येतो आणि मला शिंका सुरू होतात. तर त्या कपाटाच्या किल्लीच्या भोकात एका कुंभारणीने घर बांधलं आहे. मडकी घडवणारी कुंभारीण नव्हे. ती माशी, काळ्यापिवळ्या अंगाची, कमरेने इतकी बारीक की ब्रह्मदेव मधला भाग करायचा विसरला असावा. चिखलाची गोळी तोंडात धरून येते आणि भिंतीला, चौकटीला, मिळेल त्या बिळाला लिंपत बसते. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिने माझ्या डोळ्यांदेखत ते भोक बुजवलं, वरून गिलावा केला आणि मागे वळूनही न बघता निघून गेली. नववीचा पेपर काढायला मला कोश हवा आहे. कपाट माझं, किल्ली माझ्या खिशात, आणि चैत्र संपत आला तरी मी, संस्कृतचा एवढा जुना शिक्षक, एका माशीच्या गिलाव्यापुढे हात जोडून उभा आहे. दाद मागावी तर कुठे? म्युनिसिपालिटीत या प्रकारच्या बांधकामाला खातं नाही.

काडी घालून माती पाडणं चुटकीसरशी होण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. पण कपाटापुढे माझी कन्या उभी आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्म व्हायचा होता, म्हणून ओळख करून देतो. ही आमची एकुलती एक. अक्षरं गिरवायच्या वयातच मी तिला शब्द चालवायला बसवली. देव चालवला, माला चालवली, नदीपाशी आली आणि म्हणाली, "अण्णा, नदीत कोण कोण राहतं?" तिथे तिने व्याकरणाचा जो निरोप घेतला तो कायमचा. आता प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली आहे आणि किडे हा तिचा विषय आहे. माझ्या मित्रांच्या मुली गाणं शिकतात, विणकाम शिकतात. माझी मुलगी सकाळी गॅलरीत उकिडवी बसून एका अळीला पान भरवते आणि ती जेवली की नाही याची चौकशी करते. माझ्या जेवणाची चौकशी तिने कधी इतक्या आस्थेने केलेली नाही.

पाडवा झाल्यावर लगेचच तिला नोकरीचं बोलावणं आलं. गुजरातेत एका शेतकी कॉलेजात, कपाशीच्या बोंडात शिरणाऱ्या अळीवर काम करायचं आहे. यातली गंमत तुम्हांला कळायला मधल्या काळातली हकिगत सांगावी लागेल. मुंबई कुणाची, यावरून गेली काही वर्षं इथे रान उठलं होतं. तोडगा म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोघांना एकाच मोठ्या राज्यात घातलं. द्विभाषिक म्हणतात त्याला. एका घरात कोंडले, सतत एकमेकांचं तोंड पाहिलं, की होतील हळूहळू एक, असा त्यामागे विचार. आता दोन राज्यं व्हायचं ठरलं आहे, येत्या महिन्यात होतील, आणि मुंबई आमच्याकडे राहील. मी त्यासाठी धोतर खोचून मोर्च्यात चाललो आहे. परळहून निघून गळा बसेपर्यंत ओरडलो आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज फुटेना तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अध्यापनाला मिळालेली ती एकमेव दाद. तर ज्या महिन्यात मुंबई मिळते आहे, त्याच महिन्यात मुलगी पलीकडच्या राज्यात निघाली आहे.

बोलावणं वाचून मी म्हटलं, "विचार करतो." माझा विचार म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मागे भिंतीला रंग कोणता द्यावा याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात भिंतीचा गिलावाच पडला. कन्या म्हणाली, "करा ना, अण्णा. पण कधीपर्यंत?" मी कागदाची घडी घातली. ती कपाटापाशी गेली, त्या ताज्या मातीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही आतली बाहेर पडेपर्यंत. मातीला भोक पडलं, की तुम्ही उत्तर द्यायचं. नको म्हणालात तर मी जाणार नाही. पण मग पुन्हा कधी विचारणारही नाही." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला रागावता आलं असतं. आमची ही स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि दारातूनच निवाडा देऊन गेली, "छान झालं. तुमच्या पुस्तकाला परवानगी माशीची, आणि पोरीला परवानगी तुमची. बघू या, आधी कोण देतंय."

तेव्हापासून मी रोज सकाळी आंघोळ झाली की देवांना आणि मग कपाटाला नमस्कार करतो. देवांना सवयीने, कपाटाला धास्तीने.

आता कुंभारीण म्हटलं की तुमची आठवण यायला दुसरं निमित्त नको. मी पुन्हा तुमच्या गिरगावातल्या खोलीत आहे. वाडीच्या मागच्या अंगाची, दिवसासुद्धा अंधारी. आम्ही पोरं चटईवर, तुम्ही पाटावर, पाठ भिंतीला. शेजारच्या बिऱ्हाडात बोंबील तळले जात आहेत आणि तो वास आपल्याला येत नाही असं दाखवण्यासाठी तुम्ही तपकिरीची डबी उघडता. मग आढ्याकडे बोट करता. "ते काय?"

"कुंभारणीचं घर, गुरुजी."

"आत काय नेते ती?"

"अळी."

"आणि बाहेर काय येतं?"

"कुंभारीण."

"मग?" आम्ही आढ्याकडे बघतो. "अरे रासभांनो, आत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण, मग मधे काय झालं? कीटभ्रमरन्याय तो हाच!" आणि तुम्ही सांगायला लागता. कुंभारीण अळीला धरून आणते, मातीच्या खोलीत कोंडते आणि भोवती गुणगुणत राहते. ती बिचारी अळी भीतीने रात्रंदिवस तिचंच रूप डोळ्यांपुढे आणते, तिला दुसरं काही सुचतच नाही, आणि असं ध्यान करता करता एके दिवशी तिचं अळीपण गळून पडतं. जिचं ध्यान केलं तीच होऊन ती बाहेर येते. जीवाने शिवाचं असं ध्यान करावं, शिष्याने गुरूचं करावं. शेवटचं वाक्य म्हणताना तुम्ही माझ्याकडे पाहता. मला काय अवदसा आठवते कोण जाणे, मी विचारतो, "पण गुरुजी, एका घरात ती पुष्कळ अळ्या नेते. मी पाहिलंय. बाहेर एकच येते. बाकीच्या कुठे जातात?"

तुम्ही चष्मा काढता, सोग्याने पुसता आणि चष्मा न लावताच माझ्याकडे बघता. रागवायचं असलं की तुम्ही असंच करायचात; समोरचा धूसर दिसला की रागवायला सोपं जात असावं. "बाकीच्यांचं ध्यान कमी पडलं," तुम्ही म्हणता. "वर्गातही तसंच असतं. चल, पुढे चालव."

मी मात्र ध्यान कमी पडू दिलं नाही, गुरुजी. वर्षानुवर्षं तुमच्या पुढ्यात बसलो. आज मी वर्गात रागावण्यापूर्वी चष्मा काढतो, पुसतो आणि पोरांकडे त्यांच्या आकृत्या दिसतील इतपतच बघतो. खोकतो तुमच्यासारखा, दोनदा, आणि दुसरा खोकला गरज नसताना. तपकीर तेवढी घेत नाही, पण वर्गात विचार करताना दोन बोटं आपोआप नाकाशी जातात. ही म्हणते, "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मला वाटलं, नवऱ्यामुलाचे आजोबा चुकून पाटावर उभे राहिलेत." तेव्हा न्याय खरा आहे याचा पुरावा म्हणून मी स्वतःला वर्गापुढे उभा करू शकलो असतो, आणि करतही होतो, हरताळाचा दिवस येईपर्यंत.

तो दिवस असा. शहर बंद होतं. शाळा, कॉलेज, दुकानं, ट्राम, सगळं. गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत, त्यामुळे सकाळ झाली असं कुणाला वाटेचना. त्या आठवड्यात गोळीबारात माणसं गेली होती. गॅलरीत लोक उभे होते, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं, आणि परळच्या बाजूने ओरडा ऐकू आला की सगळ्यांची तोंडं एकदम तिकडे वळायची. कन्या तेव्हा कॉलेजात नवी होती. मला वाटतं, मी बाहेर पडू नये म्हणूनच तिने मला गुंतवून ठेवलं. कोपऱ्यात ठेवलेल्या माझ्या छत्रीच्या दांड्यावर कुंभारणीने घर केलं होतं. "अण्णा, बघायचंय आत काय चाललंय ते?" म्हणाली. मी म्हटलं, "मला माहीत आहे आत काय चाललंय ते. ध्यान." तिने केसातला आकडा काढला आणि हळूच मातीची एक बाजू फोडली.

आत अळ्या होत्या. हिरव्या, बारीक, एकीवर एक नीट रचलेल्या, जशा ही उन्हाळ्यात बरणीत मिरच्या भरते. मेलेल्या नव्हत्या. आकड्याचं टोक लावलं की किंचित हलायच्या, पण हलण्यात जीव नव्हता. वर छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगलेलं. कन्या सांगत होती, मी ऐकत होतो. कुंभारीण अळीला नांगी मारते ती ठार करायला नव्हे, बधिर करायला. मेली तर नासेल. मग अंडं घालून दार लिंपून टाकते. अंड्यातून तिचं पोर निघतं आणि या अळ्या एकेक करून खातं, खाऊन वाढतं, तिथेच कोश करतं आणि कुंभारीण होऊन माती पोखरून बाहेर पडतं.

"म्हणजे अळीची कुंभारीण होत नाही?"

"कुंभारणीच्या पोराचीच कुंभारीण होते, अण्णा."

"आणि ध्यान?"

"ध्यान कसलं?" ती हसली, त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कुणी हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. "हा डबा आहे. आईने पोराला भरून दिलेला."

गुरुजी, तुमच्या आढ्यावर इतकी वर्षं डबे टांगलेले होते आणि आपण खाली बसून त्यांतून मोक्ष काढत होतो. तरीही मी तुमचा न्याय शिकवायचं सोडलेलं नाही. परवा उजळणीला दोन्ही सांगितले, आधी तुमचा, मग मुलीचा. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, मग लिहायचं कुठलं?" मी चष्मा पुसला आणि सांगितलं, "पेपरात पहिलं लिही. आईचा डबा उघडशील तेव्हा दुसरं लक्षात ठेव." द्विभाषिक राज्याचाही विचार मी तुमच्याच न्यायाने करून पाहिला. आम्हां दोघांना एका घरात कोंडलं, वर्षं गेली, आणि बाहेर मात्र दोघे दोन दारांनी पडतो आहोत. ध्यान कमी पडलं, दुसरं काय.

मुलीच्या म्हणण्याचा अर्थ माझ्यापुरता काय होतो, हे लक्षात यायला मात्र थोडा वेळ लागला. एकदा भात कालवता कालवता ते डोक्यात आलं आणि माझा घास तसाच राहिला. तुमच्या न्यायाने मी तुमचं ध्यान करून तुम्ही झालो. तिच्या हिशेबाने तुम्ही मला बधिर केलंत, खाल्लंत, आणि माझ्या नावाने जो खोकत बाहेर आला तो तुमचाच कुणीतरी आहे. मी हिला विचारलं, "मी लहानपणी कसा असेन गं?" ती म्हणाली, "भात गार होतोय."

पण ते खरं नसावं. तसं असतं तर कोशाचा दिवस झालाच नसता. तो तुम्हांला आठवत असेल, कारण तुम्ही तो मला पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत आठवून देत होतात. मी तुमच्याकडे नवा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगता, "उद्या येताना कोश घेऊन ये." आमच्या घरात छापील पुस्तक म्हणाल तर पंचांग. मी आईला विचारतो, "आई, कोश म्हणजे काय?" आई भाजी चिरता चिरता म्हणते, "मागे लिंबावर आहे बघ एक." मी फांदीसकट तो कापून घेतो, पितळेच्या पेल्यात उभा करतो आणि दुसऱ्या दिवशी गिरगावच्या गल्लीतून दोन्ही हातांनी पेला धरून तुमच्या खोलीत येतो. मुलांनी आपापले कोश पुढ्यात ठेवले आहेत. मी माझा ठेवतो. हिरवट, कमरेला एका धाग्याने बांधलेला, फांदीला टेकून बसलेला, पेंगणाऱ्या माणसासारखा. सगळी चटई हसते. तुम्ही चष्मा काढत नाही. उलट तो नीट बसवता, पेला उचलून उजेडाकडे नेता, बराच वेळ बघता. मग मुलांना म्हणता, "हसता काय? हाही कोशच. तुमच्या कोशांतून अर्थ काढायला पानं उलटावी लागतात. याच्यातून तो आपल्या पायांनी बाहेर येईल. फक्त थांबायची तयारी पाहिजे."

आणि तुम्ही थांबलात. पेला तुमच्या जाड्या कोशाशेजारी फळीवर ठेवलात, रोज धडा सुरू करण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहिलंत. कोश काळवंडत गेला, आतली नक्षी बाहेरून दिसायला लागली. मग एका सकाळी, आम्ही कुठल्याशा धातूची रूपं घोळवत होतो, आणि तुम्ही बोट वर केलंत. कोश पाठीवर उसवला होता. त्यातून जे निघालं ते फुलपाखरू नव्हतंच. एक ओला, सुरकुतलेला बोळा होता, लांब पायांचा, पोट मोठं आणि पाठीवर दोन चिंध्या. ते फांदीवर चढलं, उलटं लटकलं, आणि चिंध्या हळूहळू उलगडायला लागल्या, कुणी आतून फुंकर घालावी तशा. काळ्यावर पिवळे ठिपके आले, कडेला विटकरी डाग आला. मी आनंदाने हात पुढे केला. तुम्ही माझं मनगट धरलंत, पण हलकं, मारायला धरतात तसं नव्हे. म्हणालात, "अर्थ ओला असताना हात लावायचा नाही."

त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही. पंख वाळेपर्यंत सगळी चटई गप्प बसून राहिली. खिडकीतून ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हं, कुठे होतो आपण?" आणि जिथे थांबलो होतो त्याच रूपापासून पुढे चालू केलंत. शिकणं संपवून मी तुमच्याकडून निघालो तेव्हा तुम्ही मला फळीवरचा तो जाडा कोश दिलात, आणि म्हणालात, "परतफेड. तुझा माझ्याकडून उडाला."

हे सगळं मी कन्येला सांगितलं, गेल्या रविवारी, गॅलरीत. तिथे हिने तेलाच्या डब्यात लिंबाचं झाड लावलं आहे, लोणच्यासाठी. त्यावर अळ्या येतात. आधी चिमणीने घाण केल्यासारख्या दिसणाऱ्या, मग पानासारख्या हिरव्या, आणि हात लावला की मानेतून नारिंगी शिंग बाहेर काढून आंबट वास सोडणाऱ्या. हिचं आणि मुलीचं त्यांवरून कायमचं भांडण आहे. "मेल्या सगळी पानं खातात!" "आई, लोणचं पानांचं घालतात का?" खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनही वर आल्या होत्या. पाडव्यापासून कन्या त्यांच्याकडे रोज थोडं गुजराती शिकते. मी परवानगी दिलेली नाही आणि शिकवणी मात्र सुरू आहे, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. बेन अळीकडे बोट करून म्हणाल्या, "आ इयळ." कुंभारणीला काय म्हणता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "भमरी." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इयळ आणि अळी, भमरी आणि भ्रमरी. मी तिथल्या तिथे व्युत्पत्ती सांगायला घेतली. बेननी भक्तिभावाने मान हलवली आणि मग हिला हळूच विचारलं, "मास्तरनी तब्येत तो ठीक छे ने?"

त्या खाली गेल्यावर मी कन्येला खरा प्रश्न विचारला. कुंभारणीच्या घरात ध्यान नसतं, हे कळलं. पण लिंबावरच्या या अळीचं तर सरळसरळ फुलपाखरू होतं, तिला कुणी कोंडत नाही, कुणी खात नाही. मग कोशात बसून ती कुणाचं ध्यान करते? फुलपाखरू तर तिने जन्मात पाहिलेलं नसतं. कन्या म्हणाली, "कुणाचंच नाही. कोशात तिचं बरंचसं अंग विरघळून जातं, पार कढण होतं म्हणा ना. पण पंखांच्या कळ्या तिच्या अंगात आधीपासून असतात, अण्णा. ती पान खात असते ना, तेव्हापासून. इतक्या बारीक की दिसत नाहीत. अंग विरघळतं आणि त्या कळ्या वाढतात."

"म्हणजे नमुना समोर लागत नाही?"

"नमुना नाही लागत. पान लागतं. आणि तेही वाटेल ते नाही चालत; हिला लिंबाच्याच जातीचं लागतं. दुसरं दिलंत तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही."

मी रविवारपासून या एका वाक्यावर खूश आहे, गुरुजी. मला वाटतं, न्यायात तुमची जागा चुकली होती, तेवढंच. तुम्ही कुंभारीण नव्हतात. तुम्ही लिंबाचं झाड होतात. मी तुमचं ध्यान वगैरे काही केलं नाही. मी तुमची पानं खाल्ली, आणि माझ्या अंगात ज्या काही कळ्या होत्या त्या त्यावर वाढल्या. खोकला तेवढा पानांबरोबर आला असणार. आणि माझ्या मुलीने माझ्याकडून एकही शब्द धड चालवून घेतला नाही, पण मी वर्षानुवर्षं तिला कोशाची गोष्ट सांगत आलो, पेल्यातली, आणि ती दर वेळी "पुन्हा सांगा" म्हणायची. तिला ते पान मानवलं असेल. मी हे हिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे तुम्हांला कळलंय तर. मग सांगत का नाही पोरीला?"

आता आजचं. सकाळी देवांना नमस्कार करून कपाटाकडे वळलो आणि पाहिलं, तर मातीच्या बरोबर मधोमध एक गोल भोक. वहीच्या पानाला टाचणीने पाडावं तसं स्वच्छ, पण मोठं. आतली केव्हा गेली ते कळलंसुद्धा नाही. खाली थोडी मातीची भुकटी पडली होती. कन्या सकाळीच तिच्या जुन्या कॉलेजात गेली होती, तिने पाहिलेलं नाही. मी ती भुकटी हाताने गोळा केली, गॅलरीतून खाली टाकली, आणि खुंटीवरचं उपरणं काढून कपाटाच्या मुठीवर असं सोडलं की भोक दिसू नये. ही पाणी भरून आत आली, उपरण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जाता जाता उपरण्याचं टोक तेवढं नीट सारखं करून गेली.

गैरसमज नको. उत्तर माझं ठरलं आहे, बहुधा रविवारीच ठरलं. ती संध्याकाळी येईल, चहा घेईल, मी उपरणं काढीन आणि "जा" म्हणेन. ओल्या अर्थाला हात लावायचा नाही, एवढं मला तुम्ही शिकवलेलं आहे. फक्त ती यायला अजून अवकाश आहे, आणि तोवर मी तुमच्याशी बोलत बसलो, झालं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं याचा पत्ता तुम्ही ठेवून गेला नाहीत. कपाट उघडता येईल तेव्हा कोशात ठेवून देईन, न्याय या शब्दापाशी.

तिथल्या जेवणाची मला काळजी नाही, बेननी तिला सगळं समजावलं आहे. एकटीने राहण्याचीही नाही. ती किड्यांमध्ये राहणार आहे, आणि किडे तिला घाबरतात. तिच्या लग्नाची काळजी ही करते, तेवढी दोघांना पुरते. माझी काळजी निराळी आहे, ती मी हिलाही सांगितलेली नाही. आम्ही इथे इतकी वर्षं गळा फाटेपर्यंत ओरडलो आहोत, गुरुजी, आणि तो ओरडा तिथपर्यंत गेला असणार. तिथे माझ्या मुलीशी कुणी नीट बोलेल ना?